देवाला विचारलेलं व्याज
आत्ता चाफ्याचा वास आला आणि हे सांगितल्याशिवाय मला राहवेचना! दादाला सोसायटीचं कर्ज काढून विहिरीवर इंजिन बसवायचं होतं. व्याज उतरलं तर तो गावी घोटावड्यातच राहणार, चढलं तर मुंबईला गिरणीत जाणार. म्हणून देवळात कौल लावला. गुरवानं देवाच्या दोन्ही खांद्यांना चाफ्याच्या ओल्या पाकळ्या चिकटवल्या नि विचारलं, “देवा, व्याज चढंल का उतरंल?” उजवी पाकळी पडली. “व्हय म्हणला देव! उतरतंय!” आई ओरडली. “वैनी, व्हय म्हणला, पन कशाला?” काका हसला. “मग परत इचारा की!” “एका कामाला एकदाच कौल,” गुरव म्हणाला. दादानं पिशवी उचलली. “उतरलं की कळवा,” म्हणाला नि मुंबईच्या एसटीत जाऊन बसला. अजून कुणी व्याजाचं बोललं की मी कान टवकारते, वाटतं, उतरलं तर दादा येईल. तुमचंही कुणासाठी असं होतं का हो?