कौलांवरचं काळं पाणी

आमची आत्या बँकेत चेकवरच्या सह्या पडताळायची. तिच्या टेबलावरून खोटी सही पुढे सरकली, असं अख्ख्या नोकरीत कधी झालं नाही. निवृत्त झाल्यावर सह्या संपल्या, तेव्हा तिने माणसं पडताळायला घेतली. मीटर बघायला आलेल्या माणसाचं ओळखपत्र ती उजेडात धरून उलटसुलट करायची. मी तिचा सख्खा भाचा, पण माझाही आवाज दोनदा ऐकल्याशिवाय ती कडी काढत नसे.

अशा बाईला एका माणसाने भर दुपारी हातोहात फसवलं.

डोक्यावर पिवळं हेल्मेट, बगलेत फाइल, खांद्याला पिशवी, पायांत लखलखीत बूट. आत्या खिडकीतूनच म्हणाली, "आम्हाला काही नकोय."

"मी विकायला आलोच नाही, बाई. पलीकडच्या गल्लीत काम चाललंय, तिथून तुमची कौलं सरकलेली दिसली. म्हटलं, सांगून जावं. आणि एक सांगू? माझ्यासाठीसुद्धा दार उघडू नका. हल्ली लोक फार फसवतात."

आत्याने दार उघडलं. इतक्या वर्षांत तिच्या मनातलं बोलणारा पहिलाच माणूस भेटला होता.

तो शिडी लावून वर चढला आणि खाली आला तो लाकडाचा एक कुजका तुकडा घेऊन. "हा तुमचा वासा. बोटाने भुगा होतोय बघा. छप्पर एक दिवस थेट पलंगावर येईल. पण माझ्या शब्दावर जाऊ नका. शेजारी विचारा, डॉक्टरांचं काम मीच केलंय."

शेजारचे डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर. आत्याने कुंपणावरून विचारलं. "उत्तम काम! अगदी चोख!" डॉक्टर स्वतःच्या चपलांकडे बघत म्हणाले. 'अजिबात दुखणार नाही' हे वाक्य ते ज्या सुरात म्हणायचे, तोच हा सूर. आत्याने त्यांच्याकडून तीन दाढा काढून घेतल्या होत्या, तरी तिला तो ओळखू आला नाही. तिने सगळे पैसे आगाऊ मोजले.

दोन माणसं आली, पिंपातलं काळं पाणी कौलांवर फासून चहाच्या आधी निघून गेली. हा म्हणे खास परदेशी लेप होता. पुढच्याच पावसात तो लेप भिंतींवरून ओघळत अंगणात उतरला, आणि जन्मात कधी न गळलेलं छप्पर आत्याच्या पलंगावर गळायला लागलं. हेल्मेटवाल्याचा फोन लागेना.

मी वर चढून बघितलं. वासे दगडासारखे टणक. कुजका तुकडा तो पिशवीतून घेऊन आला होता. फासलं होतं ते गॅरेजमधलं जळकं तेल, आणि त्या दोघांच्या पायांखाली चार कौलं फुटली होती.

खाली येऊन सांगितलं, तर आत्या चिडली नाही. "कुणावर विश्वास ठेवू नका म्हणाला, आणि मी त्याच्यावरच ठेवला रे," एवढंच म्हणाली. तिचा चेहरा इतका उतरलेला मी कधी पाहिला नव्हता.

मग पदर खोचून ती डॉक्टरांकडे गेली. दार त्यांच्या बायकोने उघडलं. "छप्पर? अहो, आमच्या स्वयंपाकघरात बादल्या लावल्यात!"

डॉक्टर आतल्या खोलीतून बाहेर आले. "सांगणारच होतो हो. पण डॉक्टर असून फसला, असं लोक म्हणाले असते."

"म्हणून सोबतीला मला घेतलंत?"



दुसऱ्या दिवशी आत्याने फाटकावर पाटी लावली: 'छप्पर दुरुस्तीच्या नावाखाली या घरातल्या बाईला फसवलं आहे. चौकशी आत करावी.'

"आत्या, लोक हसतील," मी म्हणालो.

"हसू देत. हसायला थांबतील तेव्हा वाचतील तरी."

लोक हसले. मग एकेक जण आत येऊ लागला. शिंप्याने दबक्या आवाजात सांगितलं, गाण्याच्या बाईंनी रडत सांगितलं. निवृत्त न्यायाधीश सगळ्यांत शेवटी, मागच्या दाराने आले आणि 'माझ्या एका मित्राच्या बाबतीत' म्हणून स्वतःच्याच घराची सविस्तर हकिकत सांगून गेले. गल्लीतलं प्रत्येक घर गळत होतं आणि प्रत्येकाने दुसऱ्याला 'चोख काम' म्हणून सांगितलं होतं. त्या माणसाला जाहिरातीवर एक पैसा खर्च करावा लागला नव्हता.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांचा फोन आला. बाथरूममधून, कुजबुजत. "तो आलाय. मागच्या दाराने. आणखी एक हात मारायला हवा म्हणतो. आत्ता छपरावर आहे. मी काय करू?"

"काही करू नका. तुम्हाला ते चांगलं जमतं," आत्या म्हणाली आणि फोन माझ्या हातात दिला. "पोलिसांना लाव."

आम्ही पोचलो तेव्हा डॉक्टर अंगणात उभे होते. आत्याने आणि डॉक्टरांच्या बायकोने मिळून शिडी उचलली आणि कुंपणापलीकडे नेऊन ठेवली.

"अहो बाई, शिडी!" वरून आवाज आला.

"राहू दे. तुमचा लेप मजबूत आहे ना? बसा त्याच्यावर."

लेप मजबूत नव्हता. उन्हाने तेल पातळ झालं होतं, बूट घसरत होते. पिवळं हेल्मेट गडगडत खाली आलं आणि मागून त्याच्या विनवण्या. तोवर अख्खी गल्ली जमली. शिंपी मान वर करून आपल्या वाशाचा हिशेब विचारत होता. न्यायाधीशांनी तर मित्राचा विषय सोडून थेट 'माझं घर' असा उल्लेख केला. पोलीस आले तेव्हा तो माणूस धुराडं मिठीत धरून बसला होता आणि 'मला आधी खाली घ्या, मग अटक करा' म्हणत होता.

खटला चालू आहे. पैसे थोडेसेच परत मिळाले. कौलं आत्याने नवी बसवून घेतली, या वेळी गवंड्याने आधी दुसऱ्या घरावर केलेलं काम स्वतः वर चढून बघून. डॉक्टर खाली शिडी घट्ट धरून उभे होते आणि ती उतरेपर्यंत त्यांनी एकदाही वर बघितलं नाही, कारण त्यांना उंचीची भीती वाटते. हे मात्र त्यांनी आपण होऊन, सगळ्यांदेखत सांगितलं.