रघूची हजेरी

आधीच सांगतो, भुताखेतांच्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. मी रेडिओ-टेप दुरुस्त करणारा माणूस... खरखर कुठून येते ते हुडकून काढायचं, हाच माझा धंदा. आवाजाच्या बाबतीत मला कोणी फसवू शकत नाही, असा तोराही होता. तरीही हे लिहितोय.

साल १९८६. घाटकोपर पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी आमची दोन मजली चाळ. बहुतेक सगळे कोकणातले, गिरणीत घाम गाळलेले. तळमजल्यावर हवालदार तात्या राहायचे. एकाहत्तरच्या लढाईत ते मराठा पलटणीतून पश्चिम सीमेवर होते. नदीपलीकडचा काठ त्यांच्या तुकडीने अख्खी रात्र धरून ठेवला. समोरून शत्रूचे रणगाडे येत होते आणि आपले अजून अलीकडेच अडकलेले! तो काठ हातचा गेला असता तर पुढच्या सगळ्याचीच वाट लागली असती. पण पोरं मागे हटली नाहीत. सकाळी आपले रणगाडे पार झाले, तेव्हा तुकडीतले मोजकेच उरले होते. तात्यांचा एक पाय तिथेच राहिला.

दर डिसेंबरात, लढाईच्या दिवशी सकाळी, तात्या छातीवर मेडल लावून चाळीच्या चौकात उभे राहायचे आणि पडलेल्या जवानांची हजेरी घ्यायचे. त्यांनी नाव पुकारायचं आणि चाळीतल्या एकेका बिऱ्हाडाने त्या जवानाच्या वतीने ओरडायचं, "हजर, साहेब!" प्रत्येक घराला एक जवान नेमून दिलेला. आमच्या जवानाचं नाव आलं की आमचा बाप सगळ्यात मोठ्याने ओरडायचा. ते ऐकताना छाती अशी फुगायची ना... अजूनही आठवलं की फुगते.

फक्त एक नाव तात्या कधी घेत नसत. रघूचं. आमच्याच चाळीतल्या आनंदीकाकीचा मुलगा, त्याच तुकडीत मशीनगनवर होता. त्याचा देह सापडलाच नाही, म्हणून सरकारदरबारी 'बेपत्ता'. तात्या आधीच जखमी होऊन बेशुद्ध पडलेले, त्यामुळे पुढे रघूचं काय झालं ते त्यांनी पाहिलं नव्हतं. नळावर बायका कुजबुजायच्या, "पळाला असेल गं कुठेतरी!" काकी ते ऐकायची आणि हंडा उचलून निघून जायची.

त्या वर्षी मात्र ती तात्यांच्या पुढ्यात येऊन उभी राहिली.

"हवालदारानु, आज माझ्या रघूचा नाव घेवा."

"वहिनी, त्याला पडताना मी पाहिलेलं नाही. हजेरीत मी खोटं बोलणार नाही."

"मी खय खोटा बोलूक सांगतंय? तुमी फकत हाक मारा. तो तुमच्या पोरांत असलो तर ओ देतलो. नाय दिल्यान, तर लोक बोलतत ता खरा म्हणान मी गप बसान."

अहो, ओ देणार कोण? ते नाव कोणाच्याच घराला दिलेलं नव्हतं! मीच ओरडावं असं क्षणभर वाटलं, पण तात्यांकडे बघून हिंमत झाली नाही. त्यांनी नेहमीची सगळी नावं घेतली, घराघरांनी उत्तरं दिली. मग ते जरा थांबले, कुबडीवर ताठ झाले.

"शिपाई रघुनाथ!"

"हजर, साहेब!"

तरणा, खणखणीत आवाज — थोडी धाप लागलेला, धावत आल्यासारखा. आम्ही सगळे गर्रकन मागे वळलो. कोणी नव्हतं! गॅलरीतले म्हणतात, आवाज खालून आला. आम्ही चौकातले म्हणतो, पाठीमागून आला. आणि पाठीमागे फाटकात उभ्या असलेल्या दूधवाल्याला तो चौकातून ऐकू आला.

तात्या मात्र वळले नाहीत. समोर बघतच गरजले, "इतका उशीर?" त्यांनी कुबडी टाकून दिली आणि एका पायावर तोल सावरत कडक सलाम ठोकला. दोघंजण धरायला धावले, तर "मागे व्हा!" म्हणून खेकसले. अख्खी चाळ रडत होती, आणि खरं सांगतो, एवढा अभिमान मला आयुष्यात परत कधी वाटला नाही.

पुढे मी सगळं तपासलं. कोणाचा रेडिओ चालू नव्हता, आसपास लाऊडस्पीकर नव्हता. चाळीतल्या तरण्या पोरांना एकेकाला बाजूला घेऊन दमात घेतलं. "आईशप्पथ, मी नाही रे!" सगळ्यांचं हेच. तो आवाज कुठून आला, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

संध्याकाळी काकी घरोघरी शिरा वाटत आली. नळावरच्या त्या बायकांना तर तिने जरा जास्तच वाढला. मला राहवलं नाही. विचारलं, "काकी, खरं सांग, रघूचाच आवाज होता?"

"आवाज कोणाचो, ता तू सोधीत बस रे मेल्या," ती हसत म्हणाली. "हवालदारान सलाम ठोकल्यान ना? तो माणूस पळपुट्याक सलाम ठोकणारो नाय."