विनय काराकोरमला झोपला, त्याची गोष्ट

केतकीचा फोन आला तेव्हा मी सिडनीत, पेंडल हिलच्या दुकानात कोथिंबीर निवडत होतो. विनयची बायको मला फोन करायची ती त्याच्या तक्रारी सांगायलाच. म्हणून उचलताच विचारलं, “आता काय केलं त्याने?” ती म्हणाली, “विनय गेला रे, समीर.” मी म्हणालो, “कुठे?”… त्याचं नाव ऐकलं की आधी वैतागायचं, ही माझी मॉसन लेक्सला युनिव्हर्सिटीत असतानाची, आम्ही एका खोलीत राहायचो तेव्हाची सवय. वेस्टमीडच्या हॉस्पिटलात लॅबची शिफ्ट संपवून तो गाडीत बसला आणि तिथेच हार्ट अटॅकने संपला. हॉस्पिटल समोर असताना! याचाही मला रागच आला.

मागे आम्ही मंगोलियाला गेलो, ते खूळही त्याचंच. “काराकोरम बघू,” म्हणाला. मला वाटलं, डोंगर. “डोंगर नाही रे, मंगोलांची जुनी राजधानी!” सिडनीहून विमानं बदलत गेलो, मग दिवसभर जीपमध्ये हाडं खिळखिळी करून घेतली, आणि पोचलो तर राजधानीच नाही. गवत, एक दगडी कासव आणि एर्देने झू मठाची लांबलचक पांढरी भिंत. “शहर कुठंय?” “त्याचेच दगड या मठाला लावलेत,” तो खुशीत म्हणाला, जणू गवंडी हाच होता. मग रिकाम्या माळावर हिंडत सुटला… इथे बाजार असेल, इथे राजवाडा. वारा बोचत होता. जॅकेट घ्यायला जीपकडे वळलो, तर ते कासवापाशी माळा विकणाऱ्या म्हातारीच्या अंगावर!

“तिला थंडी वाजत होती,” विनय म्हणाला.

“मग तुझं द्यायचंस!”

“माझ्या जॅकेटची चेन अडकलीये.”

मी जीपमध्ये जाऊन बसलो. हा मठात गेला तो गेलाच. ड्रायव्हर हॉर्न वाजवून दमला, तेव्हा शिव्यांची उजळणी करत मी आत गेलो. अंधाऱ्या देवळात लामा मोठ्याने पोथ्या वाचत होते आणि भिंतीजवळच्या बाकावर हा, कुठलाच देव न मानणारा माणूस, तोंड उघडं टाकून घोरत होता. मी गदागदा हलवलं.

“बाबा गेल्यापासून पहिल्यांदा झोपलो रे,” तो म्हणाला.

त्याचे बाबा पुण्यात गेले तेव्हा कोरोनामुळे बॉर्डर बंद होत्या. अंत्यविधी त्याने फोनवर पाहिला. नेटवर्क सारखं तुटायचं, मंत्र तुकड्यातुकड्यांनी यायचे. “इथे सगळं सलग ऐकू आलं. कळलं काही नाही, पण सलग…” दर आठवड्याला माझ्या घरी जेवणारा माणूस, आणि एवढं बोलला नाही? असा संताप आला! पण त्याच्या शेजारी बसलो. “झोप,” म्हणालो. थोड्या वेळाने ड्रायव्हरही येऊन बसला.

विनयच्या अंत्यविधीला त्याच्या आईला, काकूंना, पुण्याहून येता आलं नाही. त्यांच्यासाठी फोन मी धरला, गुरुजींच्या अगदी खांद्याशी. ते दोनदा “जरा मागे व्हा” म्हणाले. मी हललो नाही. शेवटी काकू म्हणाल्या, “सगळं ऐकू आलं हो, बाळा.”

गेल्या रविवारी केतकीने गॅरेज आवरायला बोलावलं. टेबलावर आमचा मिक्सर, पार उघडलेला, स्क्रू वाटीत. चांगला चालत होता तो, नुसता आवाज करायचा! “दुरुस्त करतो” म्हणत विनयने उचलून नेला होता. तेव्हापासून आमच्याकडे चटणी बंद.

“घेऊन जातोस ना?” केतकीने विचारलं.

मी स्क्रूंच्या वाटीवर झाकण ठेवलं.

“राहू दे,” म्हणालो. “मला घाई नाही.”