आत्याची हजेरी

दूरशिक्षणात शिक्षक दूर असतो, हे चाळीसगावच्या माझ्या आत्याला आजवर कुणी पटवून देऊ शकलेलं नाही. सातवीत असताना तिची आई आजारी पडली, धाकट्या भावंडांना सांभाळायला ती घरी बसली आणि हजेरीपटावरून तिचं नाव गेलं. त्या भावंडांतले एक माझे वडील, त्यामुळे तिच्या शिक्षणाची चेष्टा करण्याचा हक्क आम्हाला नाही. तरी आम्ही करतोच. सुनांच्या हाती घर सोपवल्यावर तिने टपालाने शिकायला घेतलं. धडे पोस्टमन आणतो म्हणजे तोच मास्तर, असं धरून ती त्याला खुर्ची देई, चहा पाजी आणि शंका विचारी. बिचाऱ्याने शेवटी गल्ली बदलून घेतली. मग रेडिओवर पाठ लागले. ती डोक्यावर पदर घेऊन रेडिओसमोर बसे आणि दूध उतू जायला लागलं की "सर, जाई येस" म्हणून रीतसर परवानगी मागून उठे. आता मोबाइल आहे. त्यातले सर घडाघडा बोलत सुटले की ती बटण दाबून त्यांना थांबवते. "दम तं खाऊ द्या त्यास्ले! कितलं बोली ऱ्हायनात!"

पदवीचं तिला फारसं नव्हतंच. भरल्या वर्गात आपलं नाव पुकारलं जावं आणि आपण 'हजर' म्हणावं, एवढीच हौस. त्यासाठी धुळ्याच्या रविवारच्या वर्गाला एसटीने गेली, तर वर्गात ही एकटीच. सर म्हणाले, "काकू, हजेरी कुणाची घेऊ?" आत्या फुरंगटून परतली.

परवा मोबाइलवर पहिल्यांदाच थेट वर्ग होता. मी तिच्याकडेच होतो. सरांनी हजेरी सुरू केली तशी आत्याने टीव्ही, मिक्सर आणि सून, तिघांनाही गप्प केलं. नाव आलं. ती ताडकन उभी राहिली, म्हणजे सरांना नुसत्या लुगड्याच्या निऱ्या दिसत असणार. पण शब्द फुटेना. इतकी वर्षं न ऐकणाऱ्या यंत्रांशी बोललेली बाई, ऐकणारा माणूस भेटल्यावर मुकी झाली.

"आहात ना? की पुढचं नाव घेऊ?" सरांनी विचारलं.

"आत्या, बोल ना!" मीच ओरडलो.

तिने पदराने डोळे टिपले. "शे ना सर, मी आठेच शे."

"इथेच आहात ना, मग बसा," सर म्हणाले. ती बसली. पुढचा तासभर तिने एकही शंका विचारली नाही, आणि मला मात्र उगीचच भरून येत राहिलं.