हेमूच्या नावाचं ताट

हेमंत एड्सने मेला नाही.

बोदवडच्या रस्त्यावर भर दुपारी राँग साइडने आलेल्या ट्रॅक्टरने त्याला उडवलं, म्हणून मेला.

पंचनामा आहे. पोस्टमॉर्टेम आहे. पण आमच्याकडे पंचनाम्यापेक्षा नानांच्या पोराचा मोबाइल मोठा.

नाना म्हणजे हेमूचे सख्खे काका. गाव साक्रीकडचं, भावकीत त्यांचा शब्द चालतो. हेमू जळगावला ठिबकच्या डीलरकडे कामाला होता आणि सहा वर्षं माझा रूम पार्टनर.

अपघाताच्या दिवशी नानांचा मोठा मुलगा सामान न्यायला रूमवर आला. बी.एस्सी. झालाय. कपाटात गोळ्यांची बाटली सापडली. नाव गुगल केलं. पहिल्याच ओळीत एचआयव्ही दिसलं.

दुसरी ओळ वाचायला अंगठा हलवावा लागतो. एवढे कष्ट कोण घेणार?

ॲम्ब्युलन्स गावात पोचायच्या आधी बातमी पोचली होती.

तर ऐका, बी.एस्सी. साहेब. ती गोळी एचआयव्ही होऊ नये म्हणून घेतात. सुरू करायच्या आधी टेस्ट करतात, निगेटिव्ह असलं तरच देतात. मग दर तीन महिन्यांनी परत टेस्ट. बाटलीशेजारीच रिपोर्टची फाइल होती. शेवटचा रिपोर्ट तो जायच्या अकरा दिवस आधीचा. निगेटिव्ह.

फाइल तुम्ही उघडली नाही. मजा गेली असती ना.

कशाला घेत होता? त्याचा एका माणसावर जीव होता. त्या माणसाला हा आजार आहे. यापुढे एक अक्षर सांगणार नाही. टपरीवर चघळायला दुसरं काहीतरी शोधा.

हेमूने मला या गोळीचं सांगितलं तेव्हा मी काय दिवे लावले, तेही लिहितो. आम्ही एकाच बाटलीतून पाणी प्यायचो. त्या दिवशी मी बाटली तोंडाला न लावता वरून प्यायलो.

त्याने बघितलं. हसला.

"अरे येड्या, मला झालेलं नाही. कपाशीवर अळी दिसायच्या आधी फवारतात ना?"

"हो."

"मग फवारणाऱ्याला कोणी म्हणतं का, तुझ्या शेतात रोग पडलाय म्हणून?"

मी बाटली तोंडाला लावली आणि संपवली.

आणि समजा, झाला असता. तर?

हात लावून होत नाही, सोबत जेवून होत नाही, हे शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवलंय. त्याच भिंतीला टेकून तुम्ही पत्ते कुटता.

शेवटची आंघोळ घालताना तुम्ही फवारणीचे रबरी हातमोजे घातले होते. लांबून बादलीने पाणी फेकलं. पोळ्याला बैल धुताना याहून जास्त माया दाखवता.

मायने, म्हणजे हेमूच्या आईने, सगळ्यांना बाजूला सारलं आणि उघड्या हातांनी त्याचं तोंड पुसलं.

मी तिथेच होतो. गप्प उभा. भ्याडांची यादी कराल तर माझं नाव विसरू नका.

आज आखाजी.

बाहेरच्या मित्रांसाठी सांगतो, आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे आखाजीला गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर भरतात आणि कुणाला तरी पितर म्हणून जेवायला बसवतात. तो जेवला म्हणजे गेलेला जेवला. हेमू गेल्यावरची ही पहिली आखाजी.

माय आठ दिवस घरोघर फिरली. कोणी पितर बसेना.

एकाला उपास. आखाजीला उपास! एकाची शुगर नेमकी आजच वाढणार होती. नाना म्हणाले, "वहिनी, पोरेसोरे शेतस आमना घरमा." घरात लेकरं आहेत म्हणे.

मेलेल्या माणसाच्या नावाची पुरणपोळी खाल्ली की रोग होतो, हा शोध या गावचा. शास्त्रज्ञांनी नोंद घ्यावी.

परवा मायचा फोन आला. "भाऊ, तू येशी का? कोनीच बसत नई. मना पोऱ्या उपाशी ऱ्हाई."

मी धुळ्याचा. ना त्यांच्या जातीचा, ना भावकीतला. विचारलं, "माय, मी चालेन का?"

"तू त्यानासंगे जेवेल शे. आखो काय पाहिजे?"

सकाळीच गेलो. नानांचं घर समोरच. ओट्यावर सगळी मंडळी हजर, तमाशा बघायला. मायने दार सताड उघडं ठेवलं आणि पाट दारासमोरच मांडला.

माझे पाय धुतले. कपाळाला कुंकू लावलं. पुरणपोळी, आमरस, कुरडई, भजी, सगळं वाढलं. मग पाया पडायला वाकली. मी घाबरून मागे सरकलो. आईच्या वयाची बाई हो.

"हालू नको," ती म्हणाली. "आज तू हेमू शे."

पहिला घास मोडला. लाज वाटत होती, त्या दिवशीच्या गप्प बसण्याची. मग समोरच्या ओट्याकडे बघितलं आणि असा राग आला की तीन पोळ्या खाल्ल्या. चौथी मायने विचारलीच नाही, वाढली. तीही खाल्ली. ओट्यावरची मंडळी एकेक करून घरात गेली.

"माय, हे सगळं फेसबुकवर लिहू?"

"लिख. नाव घालीसन लिख. माले लाज नई."

म्हणून लिहिलं. भावकीतल्या कोणीही खाली हात जोडलेले इमोजी टाकू नयेत. डिलीट करीन आणि ब्लॉकही करीन.

हात धुवायला उठलो तर मायने स्वतः तांब्या धरला. पाणी ओतता ओतता विचारलं,

"पोट भरनं का रे, हेमू?"

"भरनं, माय."

भरल्या पोटी जा, मित्रा.