सावडीचा चॅम्पियन

शेणवे गावचा कमळाकर वेखंडे आसनगावला हायवेलगतच्या एका गोदामवाल्या कंपनीत अकरा वर्षं नोकरीला होता, आणि तिथे तो नेमकं काय करतो हे त्याच्या बायकोला, सुंदराला, अजून उमगलेलं नव्हतं. तिला दोष देण्यात अर्थ नाही. पहिल्या दोन वर्षांनंतर खुद्द कमळाकरलाही ते उमगेनासं झालं होतं.

तो रोज एक रिपोर्ट बनवायचा. कुठल्या ट्रकमधून किती खोकी आली, त्याचा. खरं तर खोकी दारातच मशीन मोजायचं आणि तो आकडा कमळाकरच्या आधी मुंबईला पोचलेला असायचा. तरी कमळाकर तो मशीनवरून उतरवून घ्यायचा, वाढला असेल तर हिरवा रंग द्यायचा, घटला असेल तर लाल, आणि ठीक चार वाजता अकरा साहेबांना मेल करायचा. चार वाजून दहा मिनिटांनी मितेश सरांचं उत्तर यायचं, 'नोटेड विथ थँक्स.' म्हणजे पाहिलं, आभारी आहे. मितेश सर हे त्याचे मुंबईचे वरिष्ठ. त्यांना त्याने अकरा वर्षांत दोनदाच पाहिलं होतं, आणि दुसऱ्यांदा त्यांनी त्यालाच पाणी आणायला पिटाळलं होतं.

एकदा रिपोर्टऐवजी चुकून भाच्याच्या लग्नातल्या पंगतीची यादी गेली. तांदूळ, तूरडाळ, बटाटे, पत्रावळी. कमळाकरला चूक कळली तेव्हा मेल परत घेता येईना. चार वाजून दहा मिनिटांनी उत्तर आलं, 'नोटेड विथ थँक्स.' त्या दिवशी नोकरी वाचल्याचा आनंद झाला, पण घरी जाताना त्याला कुठेतरी अपमान झाल्यासारखंही वाटत राहिलं.

अशा या माणसाच्या वाट्याला कीर्ती आली ती एका मीटिंगमुळे. कर्मचाऱ्यांचं बघणाऱ्या हेतल मॅडमनी सगळ्यांना गोल बसवलं आणि विचारलं, "टीमवर्क म्हणजे तुमच्यासाठी काय?" कुणी क्रिकेट म्हणालं, कुणी मुंग्या म्हणालं. कमळाकरची पाळी आली तेव्हा दोन्ही खपलं होतं, म्हणून तो घाबरून खरं तेच बोलून गेला.

"आमच्याकडे सावड असते, मॅडम. आज शेजारी माझ्या भाताच्या खाचरात येतो, उद्या मी त्याच्या. आवणीला, म्हणजे भात लावायला, आन् कापणीला. पैसा नाय, कागद नाय. ज्याचा दिवस घेतला त्याला दिवस परत करायचा. तोही सोता जाऊन."

"आणि नाही केला तर?"

"तर पुढल्या साली आपल्या बांधावर कोण उभं राहत नाय."

हेतल मॅडमचे डोळे असे लकाकले, की कमळाकरला आपण काहीतरी चूक केली हे तिथेच कळलं.

आठवड्याभरात जिन्यावर पोस्टर लागलं. 'सावड - आपण एकमेकांसाठी.' फोटोत टाय घातलेले दोन गोरे पुरुष हात मिळवत होते. सावडीचे नियम आले, ते नऊ पानांचे. कुणाला मदत करायची तर दोन दिवस आधी अर्ज. मदत घेणाऱ्याच्या साहेबाची मंजुरी, देणाऱ्याच्या साहेबाची मंजुरी. मदत झाल्यावर ती कशी वाटली याचा फॉर्म, आणि फॉर्म भरला नाही तर मदत झालीच नाही असं धरण्यात येईल. शेजारच्या खुर्चीवरचा अक्षय इतकी वर्षं प्रिंटरमध्ये अडकलेला कागद एका झटक्यात काढून द्यायचा. आता तो हात मागे बांधून म्हणायचा, "काका, रिक्वेस्ट टाका ना, प्लीज. नाहीतर माझं मोजलं जात नाही." कागद दोन-दोन दिवस अडकून राहू लागला. महिन्याच्या शेवटी सावड यशस्वी झाल्याचा रिपोर्ट निघाला, तो छापायला प्रिंटर चालू नव्हता.

कमळाकरला 'सावड चॅम्पियन' केलं. छातीला बिल्ला.

इथवर सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण त्याच साली त्याच्या डोक्यावर खरीखुरी सावड होती. ऐन आवणीत कमळाकरला कावीळ झाली तेव्हा शेजारचा कोंडू आणि त्याची बायको धोंडीबाई, दोघांनी न बोलावता येऊन त्याची दोन खाचरं लावून दिली होती. कोंडू साठीचा माणूस, गुडघे कुरकुरणारे. त्याचं भात आता कापून शेतात आडवं पडलं होतं. बुधवारी भारे बांधून खळ्यावर न्यायचे, असं ठरलं.

"बुधवारी येतो, दादा," कमळाकर म्हणाला होता.

"ये," कोंडू म्हणाला. सावडीत एवढंच बोलणं असतं.

कमळाकरने रजा टाकायला कॉम्प्युटर उघडला. कारणांच्या यादीत आजार होता, लग्न होतं, मयत होतं. सावड नव्हती. तो सरळ हेतल मॅडमकडे गेला.

"बुधवारी? अहो, बुधवारी तर आपला सावड दिवस आहे! मुंबईहून सगळे सर येतायत."

"मॅडम, मला सावडीलाच जायचंय."

"मग इथेच तर आहे सावड!" मॅडम गोड हसल्या. "चॅम्पियनच नसेल तर कसं चालेल, कमळाकरजी?"

अकरा वर्षांत कमळाकरने ऑफिसात 'नाही' हा शब्द एकदाही उच्चारला नव्हता. त्या दिवशीही उच्चारला नाही. तो 'ओके मॅडम' म्हणाला. माझा त्याच्यावर राग आहे तो एवढ्याचसाठी. बाकी सगळं माफ.

घरी येऊन त्याने त्यावर उपाय म्हणून आणखी एक घोडचूक केली. जवळच्या किन्हवली गावचे दोन मजूर ठरवले आणि बुधवारी सकाळी कोंडूकडे धाडून दिले. सुंदरा म्हणाली, "अहो, असं करू नका. मी जाते."

"तुला ताप हाय. आन् दोन माणसं जातायत ना, एकाच्या बदली!"

कोंडूने दोघांना बसवलं, चहा पाजला आणि परत पाठवलं. "आमी मजूर नाय मागितले," एवढंच म्हणाला. हट्ट म्हणा हवं तर. नवरा-बायको दोघंच भारे बांधायला लागले.

इकडे ऑफिसच्या हॉलमध्ये हिरवा गालिचा अंथरून शेत केलं होतं. डेकोरेशनवाल्याने थर्माकोलच्या कुंड्यांत भात खोचलं होतं. मुंबईचे साहेब डोक्याला फेटे बांधून, हातात प्लास्टिकचे विळे घेऊन रांगेत वाकले होते, आणि वाकलेल्या साहेबांचे फोटो निघत होते. मितेश सरांनी विळा उलटा धरला होता. कमळाकरने तो सुलटा करून दिला.

"थँक्स," मितेश सर म्हणाले. "तुम्ही डेकोरेशनवाले ना?"

चार वाजता कमळाकरला काचेची ट्रॉफी मिळाली. टाळ्या चालू असताना त्याला खिडकीतून माहुलीच्या डोंगरावर चढलेलं काळं आभाळ दिसलं. तो ट्रॉफीसकट पार्किंगकडे धावला. पण शेणव्याच्या अलीकडेच पावसाने त्याला गाठलं.

कोंडूच्या शेतात निम्मे भारे खळ्यावर गेले होते. निम्मं भात पाण्यात लोळत होतं. कोंडू बांधावर डोक्यावर गोणपाट घेऊन बसला होता. कमळाकर समोर जाऊन उभा राहिला, भिजलेला इस्त्रीचा शर्ट, छातीला बिल्ला, काखेत ट्रॉफी.

"दादा, चुकलं माझं."

कोंडूने त्याच्याकडे शांतपणे पाहिलं. "जा रे घरी. तुजा दिस मी सोडला. काय बाकी नाय आता."

ऐकणाऱ्याला ही माफी वाटेल. पण सावडीत दिवस सोडणं म्हणजे माणूस सोडणं. कोंडूने शिव्या घातल्या असत्या तर कमळाकर रात्री नीट जेवला असता. त्याने ताट तसंच सारलं. सुंदराने ट्रॉफी कुठे ठेवायची विचारलं, तर तो म्हणाला, "माझ्या डोळ्यांपुढं नको."

दुसऱ्या दिवशी तो आसनगावच्या रस्त्याला लागलाच नाही. रजा नाही, अर्ज नाही, मंजुरी नाही. जुनी हाफ पँट चढवून उजाडताच कोंडूच्या खाचरात उतरला आणि भिजलेलं भात उचलून बांधावर पसरायला लागला. कोंडू आला, त्याने पाहिलं आणि दुसऱ्या टोकाने कामाला लागला. दुपारपर्यंत तेच काम. लोंब्या झटकायच्या, पसरायच्या, उलटायच्या. काही ठिकाणी दाणा फुगून मऊ पडला होता. ते दिसलं की कमळाकर मान खाली घालायचा. धोंडीबाईने भाकरी आणली ती तीन माणसांची आणली.

उन्हं कलली. कमळाकरच्या खिशात फोन वाजला. त्याने हात पुसून पाहिलं. चार वाजून दहा मिनिटं झाली होती. मितेश सरांचं उत्तर आलं होतं, 'नोटेड विथ थँक्स.'

तो फोनकडे बघतच राहिला. त्या दिवशी त्याने रिपोर्ट पाठवलाच नव्हता.

"काय झालं रे?" कोंडूने पहिल्यांदा तोंड उघडलं. "हापिसात बोंबलतायत काय?"

"नाय दादा. माजं काम मिळालं म्हणतायत. आभार मानलेत."

"कुठलं काम?"

"मी नाय केलेलं."

कोंडूने ते नीट ऐकून घेतलं. मग आधी धोंडीबाई हसली, मग कोंडू हसला, गुडघे धरून हसला. कमळाकरला हसू येईना. तो अकरा वर्षांचे रिपोर्ट मनात मोजत होता.

"मंग उद्या पन ये," डोळे पुसत कोंडू म्हणाला. "ह्ये एवढं उलटायला दोन दिस लागतील. तिकडं कुठं अडतंय तुज्यावाचून?"

"येतो," कमळाकर म्हणाला, आणि पुढची ओळ उलटायला वाकला.