दादाची कारवानी

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेहकरच्या स्टँडवर त्याच्याकडेच जायला उभी होते. पिशवीत करंजाच्या तेलाची बाटली होती. आदल्या दिवशीच त्यानं फोनवर सांगितलं होतं, "बाई, येतानी करंजाचं तेल आणजो, हरणीले गोचिड्या झाल्या." कुत्रीच्या गोचिड्या सांगितल्या, स्वतःच्या छातीत दुखतं हे नाही सांगितलं. सकाळी वावरात गेला, तुरीच्या गंजीला टेकून बसला, तो तसाच... गाडी आली, चढले. कंडक्टरनं कुठं जायचं विचारलं, तर जन्म झाला त्या गावाचं नाव माझ्या तोंडून निघेना. मागची एक बाई म्हणाली, "बीबीच्या पुढच्या गावाचं द्या त्यायले, मी ओळखतो." तिनंच माझं तिकीट काढलं.

माझा हा एकुलता भाऊ शेतकरी होता, आणि त्याला एकच नाद होता, कारवानी कुत्र्यांचा. कारवानी ही शिकारी कुत्र्याची जात. लांब निमुळतं तोंड, खोल छाती, पोट पाठीला लागलेलं, पाय काडीसारखे. पण पळायला लागली की पाय जमिनीला लागतात की नाही ते कळत नाही. ही जात वासावर नाही, नजरेवर पळते. आमचे आजोबा सशामागे हे कुत्रे सोडत. पुढं शिकार बंद झाली, कायदा आला, दादानं तर सुरीही घरात ठेवली नाही. पण जात काही त्याच्या हातून सुटली नाही. वावरातून रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगायी, हाकलायच्या, एवढंच हरणीचं काम. तरी विहारात त्याला टोमणे बसायचेच. एकदा एक जण सगळ्यांसमोर म्हणाला, "तोंडानं पंचशील म्हणतं बे, अन् घरी शिकारी कुत्रं!" दादा शांतपणे म्हणाला, "तिनं बी घेतलं ना पंचशील. चोरी नाही करत, खोटं नाही बोलत, दारू नाही पेत. तुह्यं कितीक जमलं ते सांग!" वंदनेला बसलेल्या बायासुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या.

लोक नेहमी म्हणायचे, एवढं मोठं कुत्रं पाळलं, पण उपाशी ठेवतो. मग दादा त्या माणसाला धरून बसवायचा आणि शिकवायचाच. "कमरेची दोन हाडं दिसली पाह्यजे, अन् शेवटच्या तीन बरगड्या. चौथी दिसली तं समज मालक चुकला. अन् एकबी नाही दिसली, तरी मालकच चुकला." ज्वारीची भाकर ताकात कुस्करायची, त्यात एक अंडं, मीठ अजिबात नाही. पळायच्या आधी खायला द्यायचं नाही, पळून आल्यावर धाप बसेपर्यंत पाणी द्यायचं नाही. रोज चारी पंजे उलटून सराटे, बाभळीचे काटे पाहायचे. साखळीला बांधायचं नाही, बांधलं की पाय वाकडे होतात. वहिनीला या सगळ्याचा राग. घरात कुत्री येऊ देत नसे. "पंचवीस वर्सं झाले, माह्या पायातला काटा कधी पाह्यला का यायनं?" असं मलाच विचारायची. हरणीला ती 'माही सवत' म्हणायची. म्हणून हरणीचं राहणं-खाणं सगळं वावरातल्या कोठ्यावर, गुरांच्या गोठ्यात.

हरणीच्या आधी तुफान होता. कोणीतरी डुकरांसाठी बांधावर ठेवलेला कणकेचा विषारी गोळा खाऊन तो गेला. मग दादानं हरणीचं पिल्लू आणलं, तेव्हा ठरवूनच टाकलं की हिला परक्या हातचं खाऊ द्यायचंच नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातात भाकरीचा तुकडा द्यायचा, आत मिरची भरलेली. पिल्लू तोंड घालायचं आणि कळवळायचं. मी म्हटलं, "काऊन छळतो रे लेकराले?" तर म्हणाला, "आज तोंड भाजन बाई, पण जीव वाचन." दोन महिन्यांत हरणी अशी तयार झाली की कोणी मटण टाकलं तरी मागं सरकायची. तेव्हा मला भावाचं मोठं कौतुक वाटलं होतं... आता वाटतं, दादा, एवढं पक्कं कशाला केलं रे?

कारण तो गेल्यावर हरणीनं खाल्लंच नाही. आणि आम्हाला कोणाला ते कळलंही नाही! घर माणसांनी भरलेलं. कोणीतरी वावरात जाऊन भाकर ठेवून यायचं, सकाळी ताटली रिकामी दिसायची. गावची कुत्री, कावळे साफ करत होते. आणि हरणी बारीक, तर ती बारीकच असते, त्यात काय पाहायचं? पाचव्या दिवशी तेलाची आठवण झाली म्हणून मी कोठ्यावर गेले. तिच्या अंगाला तेल चोळताना बोटं आपोआप मोजायला लागली... तीन, चार, पाच, सहा.

मग धावपळ. दूध, अंडं, मटण, सगळं करून पाहिलं. डॉक्टरनं सुई दिली, म्हणाला, "पोटात काही गेलं नाही तर दोन दिवस, फार तर तीन." मी दादाचा सदरा अंगात घालून बसले. तिनं सदऱ्यात नाक खुपसलं, डोळे मिटले, पण ताटलीकडे पाहिलं नाही. बाजूच्या वावरातले उकंडराव बांधावरून हे बघत होते. ते म्हणाले, "बाई, तुमी नुसतं वाढून राह्यल्या. तसं नाही खात ते. तुमचा भाऊ अगोदर सोता खाये."

"काय खाये?"

"तिच्याच ताटलीतले चार घास. मी म्हणो, काऊन बे, घरी बायको जेवू घालत नाही का? तं हासे. म्हणे, मी खाल्लं का तिले समजते, याच्यात इख नाही."

मी लगेच घास तोंडात घातला. हरणीनं मान उचलली, माझ्याकडे पाहिलं, आणि मान परत खाली टाकली. मी वर्षातून दोनदा येणारी पाहुणी, माझ्या खाण्यावर तिनं काय भरवसा ठेवावा?

वहिनी मागं येऊन उभी होती. पाच दिवसांत ती रडली नव्हती, लोक त्याचीही चर्चा करत होते. ती म्हणाली, "सरका बाई." हरणीच्या पुढ्यात मांडी घालून बसली. हरणीच्या अंगावर वहिनीच्याच जुन्या लुगड्याची झूल होती. या जातीची कातडी पातळ, थंडी सोसत नाही, म्हणून दादानं ती शिवलेली; हरणी रोज त्याच वासात झोपायची. वहिनीनं ती झूल हातानं चाचपली, एक घास घेतला, चावला, गिळला. दुसरा घेतला. "खाय व माय," म्हणाली, "काही नाही याच्यात." हरणी बराच वेळ तिच्या तोंडाकडे पाहत राहिली. मग लटपटत उठली, तिच्या ओठांचा वास घेतला, आणि ताटलीत तोंड घातलं.

तेव्हा वहिनी रडली. रडता रडता मला म्हणाली, "बिनमिठाचं हाय बाई हे. एवढे वर्सं हा मानूस असं खाऊन घरी ये, अन् मी ताट वाढलं का म्हणे, आज भूक कमी हाय. मले वाटे, माह्या हातालेच चव नाही..."

आज सव्वा महिना झाला. हरणी आता घराच्या ओसरीवर असते. संध्याकाळी मी फोन केला की वहिनी म्हणते, "थांबा बाई, ते माह्याकडे पाहून राह्यली." मग फोनवर तिच्या घास चावण्याचा आवाज येतो, आणि मागून ताटलीचा. मी फोन ठेवत नाही.